सार्वजनिक विहिरीचा गाळ कोण काढणार?

आमच्या गावच्या वेशीबाहेर एक जुनी विहीर आहे. माझ्या लहानपणी सगळा गाव तिचेच पाणी पीत असे. वैशाखात पाणी तळाला गेले, की घरटी एक माणूस घमेले-फावडे घेऊन हजर होई आणि दोन दिवसांत गाळ निघे. हजेरी कोणी घेत नसे; पण कोण आला नाही, हे मात्र गावाला बरोबर ठाऊक असे. पुढे नळ आला. गाळ काढणे थांबले. पाच-सात वर्षांत विहिरीत पालापाचोळा आणि फुटकी मडकी दिसू लागली. मग एका दुष्काळात नळाला आठ-आठ दिवस पाणी येईना, तेव्हा सारा गाव धावत विहिरीकडे गेला. पाणी होते, पण ते पिण्याजोगे राहिले नव्हते.

आज मला बोलायचे आहे ते अशाच एका विहिरीविषयी. ती दगडामातीची नव्हे, संगणकावरची आहे. तुम्ही म्हणाल, प्राध्यापक महाशय, आमचा आणि तिचा काय संबंध? संबंध आहे. थोडा धीर धरून ऐका.

आमच्या तालुक्यातील पस्तीस-चाळीस शिक्षकांनी काही वर्षांपूर्वी आपले एक छोटेसे संकेतस्थळ उभारले. कोणी आपल्या वर्गात वापरलेला गणिताचा खेळ तिथे मांडतो, कोणी पाचवीच्या मुलांचे निबंध, कोणी स्थानिक वनस्पतींची चित्रे. प्रत्येकाचे स्वतःचे पान आहे, विषयवार गट आहेत, एकमेकांना निरोप धाडता येतात. थोडक्यात, शिक्षकांचा तो एक पारच आहे. यासाठी आम्ही कोणाला दमडी दिली नाही. खर्च झाला तो फक्त जागेच्या भाड्याचा. हे कसे जमले? तर ‘वर्डप्रेस’ आणि ‘बडीप्रेस’ या दोन मोफत आणि मुक्त आज्ञावलींमुळे.

वर्डप्रेस म्हणजे संकेतस्थळ उभारण्याचे साधन. आज जगातील संकेतस्थळांपैकी शेकडा ४० हून अधिक त्यावर चालतात. ट्रॅक्टरला मागून नांगर, पेरणीयंत्र, ट्रॉली, जे हवे ते जोडता येते ना? तशी वर्डप्रेसला जी अवजारे जोडतात, त्यांना ‘प्लगइन’ म्हणतात. बडीप्रेस हे त्यांपैकीच एक. ‘बडी’ म्हणजे सोबती. हे अवजार जोडले, की साध्या संकेतस्थळावर माणसे एकमेकांशी बोलू लागतात. मोठ्या कंपन्यांच्या समाजमाध्यमांवर जे करता येते, त्यातले बरेचसे इथे स्वतःच्या घरात करता येते, आणि लिहिलेला शब्द न् शब्द आपल्याच जागेत राहतो.

सारे सुरळीत चालले होते. मग एके दिवशी आमच्यातल्या एका उत्साही गृहस्थांनी नवी आवृत्ती चढवली आणि सकाळी पाहतो तो गटांची पाने गायब! शोध घेता कळले ते असे. बडीप्रेसच्या १२.० या आवृत्तीत, म्हणजे डिसेंबर २०२३ मध्ये, पानांचे पत्ते तयार करण्याची जुनी रीत बदलण्यात आली. बदल आवश्यकच होता. पण आम्ही बडीप्रेसला आणखी एक लहान अवजार जोडलेले होते. त्याच्या कर्त्याने ते कधीच वाऱ्यावर सोडले होते आणि त्याला ही नवी रीत ठाऊक नव्हती. बडीप्रेसच्या मंडळींनी अशा जुन्या अवजारांसाठी ‘बीपी क्लासिक’ नावाची एक वेगळी जोड आधीच देऊन ठेवली होती. ती बसवली आणि पाने परत आली.

पाने आली, पण मनातली धास्ती गेली नाही. पुढच्या बैठकीत जिल्हा परिषद शाळेतल्या एका बाई उठल्या आणि म्हणाल्या, “सर, आज एक लहान अवजार बेवारस निघालं. उद्या हे मोठंच बंद पडलं, तर आपल्या धड्यांचं काय? माझी सहा वर्षांची टिपणं आहेत त्यात.”

मला चटकन उत्तर देता आले नाही. आजचे भाषण म्हणजे त्या बाईंना द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे.

बाईंची शंका काही त्यांच्या एकटीची नव्हे. बडीप्रेस वापरणाऱ्या जगभरच्या मंडळींत ती पुन्हा पुन्हा निघत आली आहे. हे काम २००८ साली अँडी पीटलिंग या आज्ञावलीकाराने सुरू केले. त्याच वर्षी वर्डप्रेसशी निगडित असलेल्या ‘ऑटोमॅटिक’ कंपनीने त्यांना आपल्याकडे घेतले. २००९ मध्ये १.० ही आवृत्ती निघाली. आरंभी हे अवजार वर्डप्रेसच्या अनेक संकेतस्थळे चालवणाऱ्या प्रकारावरच चाले. २०१० मधील १.२ या आवृत्तीपासून ते साध्या वर्डप्रेसवरही चालू लागले. ते दिवस मोठ्या उमेदीचे होते. पुढे मोठी समाजमाध्यमे घरोघर पोचली, गावात नळ यावा तशी. स्वतःचा पार बांधण्याची गरज कोणाला वाटेना. बडीप्रेसचे बहुतेक काम स्वयंसेवकांच्या, म्हणजे नोकरीधंदा सांभाळून रात्री जागणाऱ्यांच्या, खांद्यावर राहिले. आणि २०१९ मध्ये एका कंपनीने बडीप्रेसचीच प्रत घेऊन तिच्यापासून ‘बडीबॉस’ नावाचे वेगळे अवजार उभे केले व आपल्या सशुल्क मालाची जोड त्याला दिली. साहजिकच काही गिऱ्हाईक तिकडे वळले.

आता तुम्ही विचाराल, दुसऱ्याची आज्ञावली उचलून नवे दुकान मांडायचे, ही चोरी नव्हे काय? नव्हे. इथेच या साऱ्या प्रकरणाची मेख आहे. बडीप्रेस ज्या परवान्याखाली दिले जाते, त्याला ‘जीपीएल’ म्हणतात. हा परवाना प्रथम १९८९ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी सिद्ध केला. तो चार मोकळिकी देतो. आज्ञावली हवी तशी वापरा. तिच्या आत काय आहे ते उघडून पाहा. तिच्या प्रती इतरांना द्या. आणि तिच्यात बदल करून तेही वाटा. अट एकच. बदललेली वस्तू वाटाल, तर घेणाऱ्यालाही याच मोकळिकी द्याव्या लागतील. म्हणजे विहीर कोणा एकाच्या सातबाऱ्यावर चढतच नाही.

ही मोकळीक संकटात कशी उपयोगी पडते, त्याची एक खरी गोष्ट सांगतो. फ्रान्समधील कॉर्सिका बेटावर राहणाऱ्या मिशेल वाल्द्रिघी यांनी ‘बी-टू’ नावाची एक आज्ञावली लिहिली होती. पुढे तिचे काम थंडावले आणि कर्त्याचा पत्ता लागेना. ती वापरणारे धास्तावले. अगदी आमच्या बाईंसारखे! तेव्हा अमेरिकेतील ह्यूस्टनचा मॅट मुलेनवेग हा तरुण जानेवारी २००३ मध्ये जाहीरपणे म्हणाला, की परवाना मोकळा आहे, तर आपण हे काम पुढे नेऊ या. इंग्लंडमधून माइक लिटल यांनी त्याला साथ दिली. २७ मे २००३ रोजी त्यांनी त्या बेवारस आज्ञावलीला नवे नाव देऊन ती प्रसिद्ध केली. ते नाव होते वर्डप्रेस! मॅट तेव्हा अवघा १९ वर्षांचा होता. आज जगातील संकेतस्थळांचा एवढा मोठा भार वाहणारी ही आज्ञावली, श्रोतेहो, मुळात एका सोडून दिलेल्या विहिरीचा गाळ दोघांनी काढला म्हणून उभी आहे.

आता याच्या उलट बाजू पाहा. ‘ऑर्कुट’ आठवते ना? आपल्याकडील कितीतरी तरुणांनी पहिली दूरची मैत्री तिथे केली. ३० सप्टेंबर २०१४ रोजी मालक कंपनीने ते बंद केले. त्याच कंपनीचे ‘गूगल प्लस’ सर्वसामान्यांसाठी २ एप्रिल २०१९ रोजी बंद झाले. तिथे कोणा मॅटला किंवा माइकला म्हणता आले नाही, की आम्ही हे पुढे चालवतो. आपले सामान बांधून घेऊन जा, एवढेच माणसांना सांगण्यात आले. नळाचे हे असे असते. पाणी घरात येते खरे, पण चावी दुसऱ्याच्या हातात असते.

तर मग मुक्त आज्ञावलीला मरण नाही, असे म्हणावे काय? तसे म्हटले तर मी तुमची फसवणूक करीन. परवाना गाळ काढण्याचा हक्क देतो. गाळ काढत नाही. मी अर्थशास्त्र शिकवतो. जी वस्तू सर्वांची, तिची डागडुजी कोणाचीच नाही, हा आमच्या शास्त्रातला जुना पेच आहे. एप्रिल २०१४ मध्ये ‘ओपनएसएसएल’ या आज्ञावलीत ‘हार्टब्लीड’ नावाचे मोठे भगदाड सापडले. निम्म्या जगाचे गुप्त व्यवहार तिच्या भरवशावर चालत होते. आणि तिला मिळणाऱ्या देणग्या होत्या वर्षाला सुमारे २,००० डॉलर! तिची निगा राखणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. भगदाड पडल्यावर मोठमोठ्या कंपन्या पैसे घेऊन धावल्या. दुष्काळात आमचा गाव विहिरीकडे धावला, त्यातलाच हा प्रकार.

एकाच मोठ्या घरावर विसंबणेही बरे नव्हे. ऑटोमॅटिक कंपनीचा दुसऱ्या एका कंपनीशी २०२४ मध्ये वाद जुंपला. जानेवारी २०२५ मध्ये तिने जाहीर केले, की वर्डप्रेसच्या सार्वजनिक कामासाठी आपली माणसे देत असलेला वेळ आठवड्याला हजारो तासांवरून सुमारे ४५ तासांवर आणत आहोत. मे २०२५ मध्ये तिने आपली माणसे पुन्हा कामाला लावली, ही समाधानाची गोष्ट. पण मधल्या काळात जगभरच्या लोकांच्या जिवात जीव नव्हता. पाटलाच्या बैलांवर सगळ्या गावची पेरणी अवलंबून असली, की असेच व्हायचे.

चांगले उदाहरणही आहे. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००९ मध्ये आपले अध्यापक आणि विद्यार्थी यांच्यासाठी बडीप्रेसवर एक सामाईक अंगण उभारले. त्यांनी नुसते पाणी भरले नाही. आपल्या गरजेपोटी केलेल्या सुधारणा त्यांनी बडीप्रेसला परत दिल्या. आणि २०१२ मध्ये असे अंगण कोणालाही उभारता यावे म्हणून सारे साहित्य बांधून मोफत खुले केले. घेतले तसे दिले. विहीर जिती राहते ती अशा गिऱ्हाइकांमुळे.

आता बाईंच्या प्रश्नाकडे वळतो. बाई, उद्या बडीप्रेस बंद पडले, तर आपल्या धड्यांचे काय? त्याच दिवशी काहीही होणार नाही. कारण धडे आपल्याच जागेत आहेत. पण दुरुस्तीवाचून राहिलेली आज्ञावली हळूहळू गळू लागते. नव्या वर्डप्रेसशी तिचे जुळेनासे होते आणि चोराला वाट सापडते. म्हणून आम्ही बैठकीत काही गोष्टी ठरवल्या. त्या तुमच्याही उपयोगी पडतील, म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट : महिन्याच्या पहिल्या शनिवारी साऱ्या मजकुराची नक्कल काढून ती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवायची, आणि नुसती ठेवायची नाही, तर उघडून पाहायची. बियाणे साठवतो पण उगवण तपासत नाही, त्याला शेतकरी कोण म्हणेल?

दुसरी : कोणतेही नवे अवजार जोडण्याआधी तीन प्रश्न विचारायचे. याची निगा कोण राखतो? शेवटची दुरुस्ती केव्हा झाली? आणि उद्या सोडायचे ठरवले, तर आपले सामान बाहेर कसे काढायचे? पहिल्या दोहोंची उत्तरे वर्डप्रेसच्या भांडारात त्या अवजाराच्या पानावरच लिहिलेली असतात. आणि नवी आवृत्ती निघाली, की ती आधी नकलेवर चढवून पाहायची, मग मूळ स्थळावर.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे आपणही एक घमेले उचलायचे. त्यासाठी आज्ञावली लिहिता आलीच पाहिजे असे नाही. बिघाड आढळला, तर तो केव्हा, कशाने, कुठे झाला हे नीट लिहून कळवणे, हेही काम आहे. नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी ती चालवून पाहणे, हेही कामच. आणि भाषांतर! वर्डप्रेस मराठीत वापरता येते, ते कोणीतरी मराठी माणसांनी फावल्या वेळात वाक्यन् वाक्य मराठीत आणले म्हणून. आमच्या गटातील दोन मराठीचे शिक्षक आणि माझे काही विद्यार्थी आता या कामाला बसले आहेत. ‘अॅक्टिव्हिटी’ला काय म्हणावे यावरून त्यांचा परवा तासभर कडाक्याचा वाद झाला. अशा वादातून भाषेचे काही बिघडत नाही. उलट ती कामाला लागते.

एवढे करूनही बडीप्रेस टिकेलच, अशी हमी मी देऊ शकत नाही. हमी देणारा मालकच नाही, हीच तर या विहिरीची थोरवी आणि हीच तिची अडचण. पण बाई, ते टिकले नाही, तर निदान आपले धडे आपल्या हाती राहतील आणि आपण काठावर बसून ओरडणाऱ्यांत नव्हतो, एवढे समाधान राहील.

जाता जाता गावची गोष्ट पुरी करतो. त्या दुष्काळानंतर चार पोरांनी विहिरीत उतरून गाळ काढायला घेतला. पहिल्या दिवशी चौघेच होते. तिसऱ्या दिवशी घमेली कमी पडली.