गाडीच्या शेडची जमीन : आधी ओल पाहा, मग लेप निवडा



आज आपण गाडी ठेवायच्या शेडच्या जमिनीबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, हा काय शेतीचा विषय झाला? पण आपल्या पनवेल तालुक्यात जिथे पूर्वी बैलगाडी उभी राहायची, तिथे आता टेंपो, पॉवर टिलर नाहीतर ट्रॅक्टर उभा असतो. त्याच छपराखाली पुढच्या वर्षाचं बियाणं असतं, युरियाची पोती असतात, अवजारं असतात. जमिनीला ओल आली की सर्वांत खालच्या पोत्यातलं बियाणं आधी जातं, आणि ते कळतं कधी, तर पेरणीच्या तोंडावर. म्हणून हा विषय शेतीचाच आहे.

आता होतं असं, की शेड बांधून झाली की आपण दुकानात जातो. दुकानदार चकचकीत रंगाचे नमुने पुढे ठेवतो. इपॉक्सीचा लेप घ्या, पार्किंगच्या फरश्या घ्या, रबराचा गालिचा घ्या. वरून सगळंच छान दिसतं. पण आपल्याकडे जमीन बिघडते ती वरून क्वचित, खालून जास्त. तेव्हा कोणता लेप घ्यावा, हा प्रश्न दुसरा. खालून ओल येते का, हा प्रश्न पहिला.

ओल वर कशी चढते?

ही गोष्ट तुम्हाला नव्यानं सांगायला नको. खाडीकाठच्या खारवट शेतात चैत्र-वैशाखात पांढरा थर दिसतो ना? खालचं खारं पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढतं, उन्हानं पाणी उडून जातं आणि मीठ तेवढं वर राहतं. शेडच्या कोब्यातही अगदी हेच होतं. त्याला आपण लोणा लागला म्हणतो. शेतासाठी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रानं पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशा क्षार सोसणाऱ्या भाताच्या जाती दिल्या. जमिनीच्या लेपाची मात्र अशी जात नाही. तिथे पाण्याची वाटच तोडावी लागते.

गाढी नदीच्या वरच्या अंगाला, नेरे-मालडुंग्याकडे, जमीन मुरमाड आहे. तिथे मिठाचा त्रास कमी, पण वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणून ओल तिथेही सुटत नाही.

जुनी जमीन असेल तर ही परीक्षा करा

दोन फूट लांब, दोन फूट रुंद असा जाड, पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद घ्या. जमीन झाडून कोरडी करा. कागद पसरून चारही कडा चिकटपट्टीनं घट्ट बंद करा. एक दिवस, एक रात्र तसाच ठेवा. दुसऱ्या दिवशी उचलून पाहा. कागदाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले किंवा खालचा कोबा काळसर पडला, तर ओल खालून येते असं समजा. मधोमध एक आणि भिंतीजवळ एक, अशा दोन ठिकाणी तरी पाहा.

आणि बरं का, ही परीक्षा मे महिन्यात करू नका. मे महिन्यात सगळ्याच जमिनी कोरड्या असतात. गणपती गेल्यावर, जमिनीत पाणी भरलेलं असताना करा. तेव्हा पास झाली ती जमीन खरी.

दुसरी छोटी परीक्षा अशी. कोब्यावर पाण्याचे चार थेंब टाका. थेंब शोषले गेले तर लेप धरेल. थेंब मोत्यासारखे वर राहिले तर तिथे तेल मुरलेलं आहे, लेप धरणार नाही.

नवी जमीन करायची असेल तर

खळं करताना आपण आधी माती चोपतो, पाणी मारतो, पुन्हा चोपतो आणि मगच सारवतो. सारवण शेवटी येतं. शेडलाही हाच क्रम ठेवा.

१. बाहेरच्या अंगणापेक्षा शेडची जमीन एक ते दीड फूट उंच घ्या. मुरमाची भर सहा-सहा इंचांच्या थरांनी घाला आणि प्रत्येक थर पाणी मारून चोपा.

२. त्यावर सहा ते नऊ इंच काळ्या दगडाचं सोलिंग करा. दगडांच्या फटीत माती भरू नका, बारीक खडी भरा. मोठ्या पोकळीतून ओल वर चढत नाही, मातीतून चढते.

३. वर कच पसरून सपाट करा आणि २५० मायक्रॉनचा, म्हणजे दुकानात १००० गेजचा म्हणतात तो, प्लॅस्टिकचा कागद अंथरा. जोडावर एक फूट चढवा आणि भिंतीला वर वळवा. पाण्याची वाट तुटते ती इथे.

४. त्यावर काँक्रीट घाला. टेंपो किंवा मोटारीला चार इंच, ट्रॅक्टरला सहा इंच. प्रमाण एक सिमेंट, दीड रेती, तीन पाऊण इंची खडी.

हिशेब करून पाहा. दहा फूट बाय सोळा फूट शेड, चार इंच जाडी. साधारण १२ पोती सिमेंट, पाव ब्रास रेती आणि अर्ध्या ब्रासला थोडी कमी खडी लागते. सहा इंचाला सगळं दीडपट धरा. खाडीची खारी रेती स्वस्त मिळाली तरी वापरू नका, तिच्यातलं मीठ पुढे वर येतं. धुतलेली नदीची रेती किंवा क्रश सँड घ्या.

पाणी बेतानं. एका पोत्याला २५ ते २८ लिटर पुरे, रेती ओली असेल तर आणखी कमी. काम हलकं व्हावं म्हणून गवंडी बादलीभर जास्त ओततो, तिथे हात धरा. जास्त पाण्याचा कोबा वर्षभरात धुळीसारखा सुटतो.

उतार दाराकडे ठेवा, दर फुटाला एक सूत. दर आठ-दहा फुटांवर एक इंच खोल सांधा पाडा, म्हणजे तडा जायचा तो सांध्यात जाईल. सहा इंच जाडीला सांधा दीड इंच खोल घ्या. आणि किमान दहा दिवस, जमल्यास चौदा दिवस, आळी करून पाणी धरून ठेवा.

एवढं झालं की बहुतेकांना वेगळा लेप लागतच नाही.

आता आवरणाची निवड

इपॉक्सीचा लेप : दोन डब्यांतलं औषध मिसळून लावतात. तेल, डिझेल याला चांगलं दाद देत नाही, पुसायला सोपा. पण खालून ओल आली की फुगे येतात आणि पोपडे निघतात. नवं काँक्रीट २८ दिवसांचं होऊन पूर्ण वाळल्याशिवाय आणि वरचा थर घासून खरखरीत केल्याशिवाय लावू नये. गरम टायरखाली कच्चा लेप उचटतो. ओल्या पायांना निसरडा होतो. वरची प्लॅस्टिकची परीक्षा पास झालेल्या, मोटारीच्या शेडलाच तो घ्यावा.

हार्डनर : हे सिलिकेटचं पातळ औषध काँक्रीटमध्ये मुरतं आणि वरचा थर टणक करतं. धूळ सुटणं थांबतं. त्याचा वर पापुद्रा नसतो, त्यामुळे ओलीनं उचटायला काही राहत नाही. चकाकी नाही, पण खर्च कमी आणि भरवसा जास्त.

शहाबादी फरशी : आपल्या ओळखीची, टिकाऊ. पण तिच्याखाली चुना-सिमेंटचा थर पूर्ण भरलेला हवा. काठीनं ठोकून पाहा. बद्द आवाज आला तर चाकाखाली फुटणार. शहाबादी, कडप्पा, कोटा हे चुनखडीचे दगड, त्यांना ॲसिड चालत नाही. बॅटरीचं ॲसिड सांडलं तर लगेच खाण्याचा सोडा टाका आणि मग पाण्यानं धुवा. सिमेंटच्या कोब्यालाही हेच लागू.

पेव्हर ब्लॉक : ओलीच्या जागी हा चांगला मार्ग. सांध्यांतून ओल निघून जाते, आणि जमीन खचली तर उचलून पुन्हा बसवता येतात. मोटारीला ६० मिलिमीटर जाडीचे, भरलेला टेंपो किंवा ट्रॅक्टर असेल तर ८० मिलिमीटरचे घ्या. मात्र त्यावर बियाणं ठेवायचं तर फळ्यांचा माचा हवाच.

रबराचा किंवा प्लॅस्टिकचा गालिचा : खाली पाणी कोंडतं, वास येतो. पावसाळ्यात गुंडाळून ठेवावा.

एक गोष्ट विसरू नका. चिखलणीची लोखंडी चाकं कोणताही लेप एका दिवसात फाडतात. ज्यांच्याकडे पॉवर टिलर आहे त्यांनी रंगावर पैसा घालूच नये. साधा मजबूत कोबा ठेवा, आणि लोखंडी चाकांवर यंत्र आत घ्यायचं तर फळ्या टाका.

जुन्या ओल्या जमिनीचं काय?

तिच्यावर रंग चढवून ओल झाकू नका. लोणा कोरड्या ब्रशनं झाडा. पाण्यानं धुतलात तर मीठ पुन्हा आत मुरतं. शेडभोवती गटार काढा, पागोळ्यांचं पाणी लांब न्या. उंची मिळत असेल तर जुन्या कोब्यावर प्लॅस्टिक अंथरून चार इंच नवं काँक्रीट घाला. तेवढा पैसा नसेल तर पोत्यांखाली चार इंच उंच फळ्या ठेवा आणि भिंतीपासून हातभर जागा सोडा. तेल सांडलं तर भाताचा तूस टाका, तो तेल ओढून घेतो. मग झाडून काढा, आणि असा तूस चुलीजवळ नेऊ नका.

शेवटी एवढंच सांगतो. तुमच्याकडे शंभर रुपये असतील तर पहिले ऐंशी जमिनीच्या पोटात घाला, उरले तर वीस वर लावा. वरचा लेप पुढच्या दिवाळीलाही लावता येतो. खालचा कागद मात्र काँक्रीट पडल्यावर घालता येत नाही.