उघड्या डोळ्यांची मजुरी



मी शाळा फारशी शिकलो नाही. जे शिकलो ते कामगारांत वावरून. तेव्हा यंत्राकडे त्याच नजरेने पाहतो.

2014 साली गूगलने पुठ्ठ्याचे एक खोके काढले. आत दोन भिंगे, पुढे मोबाईल; पडद्याचे दोन भाग, एकेका डोळ्याला एक. हौशी मुले असले खोके डोळ्यांवर बांधून ड्रोन उडवू पाहतात. ड्रोनवरील कॅमेऱ्याचे चित्र मोबाईलवर उमटते आणि आपणच उडत आहोत असे वाटते.

युक्ती नामी आणि स्वस्त. परंतु चित्र पोहोचायला वेळ लागतो. ड्रोन सेकंदाला 10 मीटर जात असला आणि चित्र सेकंदाच्या पाचव्या हिश्शाने मागे पडले, तर तार दिसेपर्यंत ड्रोन 2 मीटर पुढे गेलेला असतो. द्राक्षबागेत तेवढ्या अंतरात मंडपाची तार येते, वाकून काम करणारी बाईही येते.

शिवाय खोके बांधणाऱ्याला भोवतालचे काहीच दिसत नाही. त्याच्याशेजारी उघड्या डोळ्यांचा माणूस हवाच. उद्या हा रोजगार झाला, की काटकसरीची पहिली गदा त्याच माणसावर येईल. म्हणून आजच सांगतो: यंत्र जरूर आणा, पण त्या माणसाची हजेरी मांडा, त्याला पुरी मजुरी द्या.