उन्हातली ई-पीक पाहणी आणि मोबाईलचं चार्जिंग



15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि मोबाईल बांधावर आला. माण, खटाव, जत, आटपाडीच्या उघड्या रानात ऊन पडलं की पडद्यावर काही दिसत नाही. मग आपण ब्राइटनेस पार टोकाला नेतो, अन् फोटो काढायच्या आत चार्जिंग संपतं. नोंद राहिली की सातबाऱ्यावर पीक लागत नाही. पुढं अनुदान, हमीभावाच्या वेळी अडतं.

तेव्हा पूर्ण चार्ज करूनच निघा. वाटेत ब्राइटनेस खाली ठेवा. शेतात छत्रीच्या नाहीतर टोपीच्या सावलीत पडदा धरा, कमी उजेडातही दिसतं. सकाळी लवकर गेलात तर फारच बरं. लोकेशन मात्र फोटो होईपर्यंत बंद करू नका, त्याशिवाय गट जुळत नाही. फोन तापला की पडदा आपोआप मंद होतो. तो बिघाड नव्हे. घटकाभर झाडाखाली ठेवा. ओल्या फडक्यात गुंडाळणारेही आहेत, तसं करू नका.

नोंद झाली की लोकेशन बंद, ब्राइटनेस खाली. रात्रपाळीच्या पाण्याला जायचं असेल, तर फोनमध्ये तेवढा जीव उरायला हवा.