आई-बाबांसाठी टिकाऊ संगणक

नांदुरा तालुक्यातल्या वडनेर भोलजीसारख्या महामार्गावरच्या गावात आई-बाबांसाठी संगणक जुळवायचा, तर ऊन, धूळ आणि ये-जा करणारी वीज आधी लक्षात घ्या.

सातबारा पाहणं, बँकेची कामं, नातवंडांशी व्हिडिओ कॉल, एवढ्यासाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड नको. ग्राफिक्स अंगभूत असलेला आय-थ्री किंवा रायझन-थ्री प्रोसेसर पुरेसा आहे. रॅम 8 जीबी घ्या, मात्र मदरबोर्डवर दुसरी जागा मोकळी असू द्या. पुढे वाढवता येते. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घ्या. तिच्यात फिरणारा भाग नसतो आणि संगणक झटपट सुरू होतो.

पॉवर सप्लायमध्ये काटकसर नको. तो बिघडला तर इतर भागही घेऊन जाऊ शकतो. यूपीएस हवाच.

जुना संगणक घेताना त्यावर विंडोज 11 चालतं का, हे नक्की विचारा; विंडोज 10 चा नेहमीचा पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला.

कॅबिनेट जमिनीपासून उंच, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. मशीन बंद करून पंख्याची जाळी दर महिन्याला मऊ ब्रशने झाडा. पडद्यावरची अक्षरं मोठी करून द्या आणि पक्कं बिल जपून ठेवा.