दोन रानवाटाणे : एक सख्खा, एक दूरचा

पिसम हा वाटाण्याचा वंश, म्हणजे एकमेकींच्या नात्यातील जातींचा समूह, अगदी लहान असून त्यातील पिसम इलेशियस आणि पिसम फुल्वम हे दोन रानवाटाणे भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडील प्रदेशात आजही आपोआप उगवतात. इलेशियसचा विस्तार मोठा, थेट कॉकेशस व इराणपर्यंतचा. फुल्वम मात्र इस्राएल, पॅलेस्टाइन, जॉर्डन, लेबनॉन, सीरिया, सायप्रस आणि दक्षिण तुर्कस्तान एवढ्याच टापूत, बहुधा खडकाळ उतारांवर आढळतो. इलेशियसला लागवडीच्या वाटाण्याची उपजाती मानण्याकडे अनेक वनस्पतिशास्त्रज्ञांचा कल आहे आणि तो रास्तच आहे, कारण सुमारे १०,००० वर्षांपूर्वी पश्चिम आशियातील शेतकऱ्यांनी आजचा वाटाणा घडवला तो याच वेलापासून.

फुलावरून दोघे चटकन ओळखू येतात. इलेशियसची पताका, म्हणजे मागे उभी असलेली मोठी पाकळी, फिकट गुलाबी-जांभळी असते व बाजूच्या दोन पाकळ्या, ज्यांना पंख म्हणतात, त्या गर्द जांभळ्या असतात. फुल्वमचे फूल लहान, पिवळसर नारिंगी ते विटकरी, आणि त्याच्या लॅटिन नावाचा अर्थही तांबूस पिवळा असाच आहे.

दोघांच्याही वाळलेल्या शेंगा उन्हाने तडकतात, त्यांच्या फाका पिळवटतात आणि बिया दूर उडतात. शिवाय बियांचे टरफल पाणी सहजी आत घेत नसल्याने पहिल्या पावसाबरोबर सगळ्या बिया रुजत नाहीत. रानात जगवणारे हे गुण शेतात अडचणीचे, म्हणून लागवडीच्या वाटाण्यात ते मागे पडले. फुल्वमची खरी नवलाई निराळीच आहे : त्याच्या काही वाणांत शेंगा जमिनीखालीही धरतात, आणि त्याही भुईमुगाप्रमाणे वरून आऱ्या उतरून नव्हे, तर मातीतच वाढणाऱ्या फांद्यांवर न उमलणारी फुले येऊन.

माणसाने कधी न पेरलेल्या या दूरच्या नातलगाकडेच आज पैदासकारांना वळावे लागते. वाटाण्याच्या दाण्यात शिरणाऱ्या भुंगेऱ्याची अळी फुल्वमच्या शेंगेच्या सालीत किंवा दाण्याच्या टरफलातच पुष्कळदा मरून जाते. पुरंदर तालुक्यातील वाटाणा उत्पादकांना परिचित असलेला भुरी रोग, ज्यात पानांवर पीठ भुरभुरल्यासारखी बुरशी पसरते, त्याला रोखणारे ‘ईआर-३’ हे जनुकही फुल्वममध्येच सापडले.

ते गुण वाटाण्यात उतरवणे मात्र सोपे नाही. दोघांतही गुणसूत्रे १४च असली तरी त्यांच्या तुकड्यांची मांडणी वेगळी असल्याने संकरातील पुष्कळसे परागकण वांझ निघतात. मादी म्हणून लागवडीचा वाटाणा घेऊन त्यावर फुल्वमचे पराग घातले तर संकर साधण्याची शक्यता अधिक असते, उलट केल्यास तो सहसा फसतो. आणि साधला तरी पुढच्या पिढ्यांचा लागवडीच्या वाटाण्याशीच पुन्हा पुन्हा संकर करून, तडकणाऱ्या शेंगा वगळत, रोगाला दाद न देणारी रोपे एकेक करून निवडावी लागतात.