खाडीत होडी नांगरताना

भातशेतीला जोड म्हणून कोकणात अनेकजण वल्ह्याच्या लहान होडीतून खाडीत गळाने मासे धरतात. वाहत्या पाण्यात नांगर चुकीचा बांधला, तर अशी होडी क्षणात उलटू शकते.

नांगराचा दोर नाळेलाच, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला बांधावा. कडेला बांधल्यास होडी प्रवाहात आडवी होते. मागे बांधल्यास मागच्या काठावरून पाणी आत शिरते.

दोर खोलीच्या किमान पाचपट सोडावा. खोली धरताना भरतीची वाढ मिळवावी. ओहोटीचे 2 मीटर पाणी भरतीला 4 मीटर होणार असेल, तर 20 मीटर दोर हवा. आखूड दोराने नाळ खाली ओढली जाते आणि नांगरही तळ सोडतो. नांगराजवळ 2 मीटर साखळी जोडल्यास तो नीट रुततो.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाहाच्या मध्यभागी नांगरू नये. दोराला सुटती गाठ मारावी, सुरी हाताशी ठेवावी व जीवरक्षक जाकीट अंगात असावे. नांगर अडकलाच, तर कडेवर वाकून ओढू नये. सरळ दोर कापावा. नांगर पुन्हा विकत मिळतो. एवढी काळजी प्रत्येकाने घ्यावी, ही विनंती.