नोंदी जागच्या जागी, ज्ञान सर्वांसाठी



गावच्या आरोग्य केंद्रातील नोंदवही म्हणजे केवळ कागदांची चळत नव्हे. कोणास क्षय झाला, कोणाचे मूल दगावले, कोण कोणते औषध घेतो, हे सारे तीत लिहिलेले असते. रुग्णाने ते डॉक्टरांना विश्वासाने सांगितलेले असते. ती वही भलत्याच्या हाती पडली तर ठरलेले लग्न मोडू शकते, लागलेली नोकरी जाऊ शकते. दुसऱ्या बाजूस, अशाच नोंदींवरून संगणकास रोगाची चिन्हे ओळखावयास शिकविता येते, आणि त्यासाठी जितक्या अधिक ठिकाणच्या नोंदी मिळतील तितके बरे. मग रुग्णाचा विश्वास राखून हे ज्ञान मिळवावे कसे?

गूगलच्या संशोधकांनी २०१६ साली यावर एक मार्ग सुचविला. त्यास ‘फेडरेटेड लर्निंग’, म्हणजे संघीय शिक्षण, असे नाव आहे. संघातील प्रत्येक घटक आपला कारभार आपल्याकडे ठेवतो व समाईक कामापुरता इतरांशी जोडला जातो. येथेही तसेच घडते. मुख्य संगणक प्रत्येक केंद्राकडे एकच गणिती नमुना पाठवितो. केंद्राचा संगणक स्वतःजवळील नोंदींवर त्यास शिकवितो आणि नमुन्यातील बदललेले आकडे तेवढे परत धाडतो. मुख्य संगणक त्यांची सरासरी काढून सुधारलेला नमुना पुन्हा सर्वांकडे पाठवितो. अशा अनेक फेऱ्या होतात. मूळ नोंदी मात्र जागच्या हलत नाहीत.

ही सरासरी नोंदींच्या प्रमाणात काढतात. समजा, तीन केंद्रांत अनुक्रमे १००, ३०० व ६०० नोंदी आहेत आणि नमुन्यातील एका आकड्याचे मूल्य त्यांच्याकडून २, ४ व ५ असे आले. साधी सरासरी ३.६७ येईल, नोंदींच्या प्रमाणात काढलेली ४.४ येईल. ज्याचा अनुभव अधिक, त्याच्या उत्तरास वजन अधिक, असा हा हिशेब आहे.

ही केवळ कल्पना राहिलेली नाही. कोविडच्या साथीत जगातील २० संस्थांनी या पद्धतीने, रुग्णांच्या नोंदी परस्परांना न देता, एक नमुना तयार केला. रुग्णास पुढे किती प्राणवायू लागेल याचा अंदाज तो देत असे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एकेका संस्थेने स्वतःपुरत्या केलेल्या नमुन्यांच्या तुलनेत त्याची कामगिरी अचूकतेच्या मापावर सरासरी १६ टक्क्यांनी सरस ठरली.

लहान प्रमाणावर हा प्रयोग शाळेच्या संगणक कक्षातही करता येतो. ‘फ्लॉवर’ नावाची मुक्त व विनामूल्य प्रणाली त्यासाठी उपलब्ध असून ती ‘रास्पबेरी पाय’सारख्या तळहाताएवढ्या संगणकावरही चालते. एक यंत्र मुख्य नेमावे व बाकीची त्याच राउटरला जोडावीत. प्रणाली एकदा बसविल्यावर शिकविण्याच्या कामास बाहेरचे इंटरनेट लागत नाही. मुख्य यंत्राचा जाळ्यातील पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०, कायम करून ठेवावा. तो बदलला तर बाकीच्यांना मुख्य यंत्र सापडत नाही. सर्व यंत्रांवर प्रणालीची आवृत्ती एकच असावी. फायरवॉलमध्ये आवश्यक तेवढाच मार्ग खुला ठेवावा. एका फेरीस किमान किती यंत्रे हवीत हेही आधी ठरवावे, म्हणजे एखाद्याची वीज गेली तरी उरलेल्यांचे काम अडणार नाही.

तथापि, नोंदी घराबाहेर गेल्या नाहीत एवढ्यावर निश्चिंत राहणे योग्य नव्हे. परत धाडलेल्या आकड्यांवरून मूळ चित्रे पुन्हा उभी करता येतात, हे अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी २०१९ साली दाखवून दिले. म्हणून यंत्रांमधील संदेश सांकेतिक रूपातच जावेत. मुख्य यंत्रास कोणा एकाचे आकडे न दिसता सर्वांची बेरीज तेवढी दिसावी, अशीही पद्धत २०१७ साली मांडली गेली आहे. तिचा अवलंब करावा. जाळे आपल्याच इमारतीतील आहे म्हणून ते सुरक्षित आहे, असेही समजू नये. त्याचा पासवर्ड ज्यास ठाऊक आहे, तो त्या जाळ्यात शिरू शकतो.

संसदेने २०२३ साली संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने माहिती बाळगणाऱ्यावर तिच्या रक्षणाची जबाबदारी टाकली आहे. यंत्रे ती जबाबदारी हलकी करू शकतील. पण तिचा भार शेवटी माणसावरच राहतो. म्हणून अशी योजना गावात येईल तेव्हा ग्रामस्थांनी संकोच न करता विचारावे की, आमच्या नोंदी कोठे राहणार, बाहेर नेमके काय जाणार आणि ते कोण पाहणार. अधिकाऱ्यांनी त्याचे उत्तर साध्या मराठीत द्यावे, आणि शिक्षकांनी ते विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष करून दाखवावे. ज्या योजनेत या प्रश्नांना सरळ उत्तर मिळेल, तिच्यावरच लोकांनी विश्वास ठेवावा.